जाळीचा मान

विमला गेली त्या दिवशी चैत्री पौर्णिमा होती आणि मी वाडीतल्या तिसऱ्या वाफ्यात कळ्या काढत होतो. डोक्याला बॅटरी बांधलेली, कमरेला ओलं फडकं. पाचला दहा कमी असताना खिशातला फोन थरथरला. सुबोधचा होता. तो अकरा दिवस आईपाशी बोरिवलीच्या हॉस्पिटलात होता.

"बाबा, आई गेली. दहा मिनिटं झाली."

"बरं," मी म्हणालो.

असंच म्हणालो.

"ऐकलंत ना बाबा?"

"ऐकलं. तू एकटाच आहेस?"

"हो. सिस्टर आहेत. मी निधीला फोन लावतो आता. तिला शब्द दिलाय मी, काही झालं तरी पहिला फोन तुला म्हणून."

निधी म्हणजे सुबोधची बायको. ती आमच्या घरात होती, वाफ्यापासून शंभर पावलांवर. जाळी ओवायला म्हणून मुद्दाम सुट्टी काढून आलेली.

"थांब," मी म्हणालो. "तिला लावू नको."

गोराईला आमच्या पाड्यात गावदेवीचं देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेला देवीच्या अंगावर मोगऱ्याच्या कळ्यांची जाळी पडते, डोक्यापासून पायापर्यंत. जाळी एकाच घरातून जाते आणि त्या घरच्या सवाष्णीनेच ती ओवायची असते. ज्या घरात जाळीचा मान, त्याच घराने देवळाच्या विहिरीचं पाणी मोगऱ्याला घ्यायचं. खाडीकाठच्या बाकीच्या बोअर खाऱ्या झाल्या आहेत. खाऱ्या पाण्याने मोगऱ्याच्या पानाची टोकं जळतात, मग कळी बारकी येते, मग येतच नाही. गोडं पाणी फक्त देवीच्या विहिरीला. आणि जाळी एक वर्ष चुकली की मान दुसऱ्या घरात जातो. चुकण्याचं कारण कोणी विचारत नाही. माझ्या आजोबांच्या वेळी भाऊरावाच्या घरात पौर्णिमेलाच मयत झालं, त्यांची जाळी चुकली, आणि मान आमच्याकडे आला. भाऊराव माझा चुलत-चुलतभाऊ, आमचे आजे सख्खे भाऊ. त्याची वाडी माझ्या कुंपणाला लागून आहे.

सुतक लागलं की फुलाला हात लावायचा नाही. सुतक कळल्यापासून लागतं.

"तुझी आई म्हणाली होती," मी सुबोधला सांगितलं, "काय वाटेल ते होऊ दे, जाळी चुकवू नका."

"कधी म्हणाली?"

"परवा. तू खाली औषध आणायला गेला होतास तेव्हा."

विमला असं काही म्हणाली नव्हती. परवा ती एवढंच म्हणाली होती की पाठीमागची उशी जरा वर सरकवा.

सुबोधने तिकडे सिस्टरला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "किती वाजेपर्यंत?"

"पावणेअकराला फोन कर. मला. निधी समोर असेल."

फोन खिशात ठेवला आणि मी परत वाकलो. मोगऱ्याची कळी काढताना अंगठ्याचं नख आणि पहिलं बोट देठाखाली घालायचं आणि मोडायचं. ओढायचं नाही, फांदी हलते, शेजारच्या कळ्या गळतात. तिसरा वाफा झाला, चौथा झाला, पाचवा झाला. एकही कळी खाली पडली नाही. रडू आलं नाही. पाठ दुखत होती ती तशीच दुखत राहिली. उजाडल्यावर बॅटरी बंद केली आणि फडकं घेऊन घरी गेलो.

निधी अंघोळ करून ओट्यावर बसली होती. पुढ्यात केळीच्या सोपटाचे दोरे भिजत घातलेले. ती मुलुंडची, विम्याच्या ऑफिसात कामाला. लग्न होऊन आली तेव्हा तिला मोगरा आणि कुंदा यातला फरक कळत नव्हता. पण विमलाशी तिचं जमलं. हॉस्पिटलात विमलाने तिला जाळी शिकवली ती कापसावर. कापसाच्या कळ्या वळायच्या, दोऱ्यात घालायच्या, विमला पडल्या पडल्या बघायची आणि म्हणायची, "अगं गाठ मार, गळफास नको देऊस."

"बाबा, एवढ्याच?" निधी म्हणाली. "आई म्हणाल्या होत्या दीड हजार लागतात."

"आहेत तेवढ्या. ओवायला घे."

"चहा ठेवलाय तुमचा. काय झालं? फडक्याची गाठ सुटत नाहीये का?"

"हात गारठलेत. ओलं फडकं आहे ना."

"एप्रिलमध्ये गारठलेत?" ती हसली. "बाबा, तुम्ही पण ना."

तीन तास ती ओवत होती आणि मी समोर बसून कळ्या निवडून देत होतो. अळी लागलेली कळी जांभळी पडते, ती बाजूला काढायची. दोनदा तिची जाळी एका बाजूला ओढली गेली, दोनदा तिने उसवली. मला ओवता येतं. तीस वर्षं विमलाशेजारी बसून बघितलेलं. पण पुरुषाने ओवलेली चालत नाही, म्हणून मी बोट दाखवत होतो. मधेच ती म्हणाली, "आई असत्या तर एव्हाना मला दोन शिव्या पडल्या असत्या."

पुरी झाल्यावर तिने जाळी सुपात पसरली आणि मोबाईलवर फोटो काढला.

"आईंना पाठवते."

"झोपली असेल आता," मी म्हणालो.

"मग सुबोधला पाठवते. उठल्या की दाखवेल."

तिने पाठवला. खाली लिहिलं, आईंना दाखव. फोन हातात धरून वाट बघत बसली. मग तिचा चेहरा फुलला आणि तिने फोन माझ्यापुढे धरला. सुबोधने लिहिलं होतं, दाखवला. खूश झाली.

हे मी त्याला सांगितलं नव्हतं. हे त्याचं त्याने केलं.

साडेदहाला देवीच्या अंगावर जाळी पडली. ढोल वाजले. भाऊरावाची बायको सुलक्षणा निधीला म्हणाली, "छान झाली हो. विमलाची सर नाही, पण छान." पावणेअकराला देवळाच्या पायरीशी माझा फोन वाजला. मी कानाला लावला आणि खाली बसलो. बसण्याचं नाटक करावं लागलं नाही. निधीने माझ्या हातातून फोन घेतला, ऐकलं आणि तिथेच मोठ्याने ओरडली.

होडीतून मयत आणता येत नाही. अँब्युलन्स भाईंदरवरून वळसा घालून आली, तोवर तीन वाजले. सोबत भाऊराव गेला होता, कागदपत्रं त्यानेच केली. भाऊबंद म्हणून ते त्याने नीट केलं, त्यात खोट काढता येणार नाही. बायकांनी विमलाला हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली. सवाष्ण गेलेली म्हणून डोक्यात फूल हवं. घरात एक कळी उरलेली नव्हती. सुलक्षणाने स्टेशनवरून येणाऱ्या कोणाला तरी गजरा आणायला सांगितला होता. तो आला तेव्हा पिवळा पडलेला होता. तोच घातला. विमलाने स्वतः कधी मोगरा माळला नाही. म्हणायची, "दिवसभर बोटांना तोच वास. डोक्यात पण कशाला?"

सुतकात वाडीत गेलो नाही. मोसम भरात होता. न काढलेली कळी संध्याकाळी झाडावरच उमलायची, दुसऱ्या दिवशी लाल व्हायची, तिसऱ्या दिवशी तपकिरी होऊन पानाला चिकटायची. ओट्यावरून सगळं दिसायचं. कुंपणापलीकडे भाऊरावाच्या वाडीत पहाटे बॅटऱ्या फिरायच्या. त्याने बाहेरच्या बायका लावल्या होत्या. सुतक त्यालाही होतं. सुबोध एकदा कुंपणाशी जाऊन बोलला.

"काका, तुम्हालाही दहा दिवस आहेत ना?"

"मला आहेत," भाऊराव म्हणाला. "झाडांना नाहीत. आणि मी कुठे हात लावतोय? तुमच्याकडे पण लावा की बायका. तुम्हाला तर गोडं पाणी आहे बाबा, राजे लोक."

मी बायका लावल्या नाहीत. त्या पहाटेनंतर मला तेवढं तरी पाळायचं होतं.

तेरावं झालं आणि पुढच्या रविवारी देवळात बैठक बोलावली. मार्तंड मास्तर देवळाचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झालेले, सगळ्यांना नावाने ओळखणारे. पाड्यातली तीसेक माणसं होती. भाऊराव उभा राहिला आणि त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मी काही वैरी नाही," तो म्हणाला. "वहिनी गेली त्याचं मलाही वाईट वाटतं. पण हा हॉस्पिटलचा कागद आहे. स्मशानात द्यायचा म्हणून मी झेरॉक्स काढली होती. यावर मरणाची वेळ लिहिली आहे. पहाटे चार चाळीस."

त्याने कागद मास्तरांपुढे धरला.

"चार चाळीसला मयत झालं आणि साडेदहाला जाळी पडली. देवीला सुतकाची फुलं गेली. आमच्या घरात मयत झालं तेव्हा आमच्या माणसांनी मुकाट्याने जाळी सोडली. लपवलं नाही. माझा आजा त्या दिवशी देवळाच्या पायरीला डोकं टेकून रडला, असं माझा बाप सांगायचा."

"सहदेव," मास्तर म्हणाले, "सुतक कळल्यापासून. तुला कळलं कधी?"

मी म्हणालो, "पावणेअकराला."

"पावणेअकराला?" भाऊराव हसला. "पोरगा सहा तास आईपाशी बसून काय करत होता? मॅच बघत होता?"

सुबोध माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता. त्याने वर बघितलं नाही.

"मी कोणाला सांगितलं नाही," तो म्हणाला. "बाबांनाही नाही. जाळी होऊ दे म्हटलं."

"म्हणजे तुला एकट्याला ठाऊक," मास्तर म्हणाले.

"हो. मला एकट्याला."

"बोलेल तो तसं," भाऊराव म्हणाला. " बापाचा पोरगा आहे."

तेवढ्यात बायकांमधून निधी उठली. चार चाळीस हा आकडा ती त्या क्षणी पहिल्यांदा ऐकत होती. तरी ती पुढे आली आणि तिने गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर हात ठेवला.

"बाबांना ठाऊक नव्हतं. पावणेअकराला फोन आला तेव्हा मी समोर होते. ते खाली कोसळले, मी बघितलंय. सकाळपासून माझ्यासमोर बसून ते कळ्या निवडत होते. बायको गेलेली ठाऊक असलेला माणूस असं बसेल का? तुम्ही सांगा, काका. बसेल का कोणी?"

भाऊरावाने माझ्याकडे बघितलं. मी उंबऱ्यावरच्या तिच्या हाताकडे बघत होतो. मग तो कागदाची घडी घालायला लागला.

"नाही बसणार," तो म्हणाला.

मास्तरांनी निवाडा दिला. फुलाला हात लावणाऱ्यांना कळलं नव्हतं तर दोष नाही, जाळी आहे त्याच घरात राहील. माणसं उठली. जाता जाता भाऊराव सुबोधला म्हणाला, "काळीज आहे बाबा तुझं. मला नसतं जमलं."

निधी आमच्यापुढे झपझप चालत घरी आली. ओट्यावर चढली, चप्पल काढली नाही, आणि सुबोधला म्हणाली, "फोटो कोणाला दाखवलास?"

सुबोध खाली वाकून चपला काढत राहिला.

"मी विचारते आहे. साडेनऊला मी फोटो पाठवला. तू लिहिलंस, दाखवला, खूश झाली. कोणाला दाखवलास?"

"निधी, ऐक—"

"तू मला शब्द दिला होतास. पहिला फोन मला म्हणून. मी इथे बसून जोक मारत होते. आई असत्या तर शिव्या दिल्या असत्या म्हणत होते. हसत होते मी, सुबोध! आणि तू तिकडे त्यांच्याशेजारी बसून मला खोटं टाइप करत होतास."

सुबोधने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "पोरी, पाणी पी आधी."

संध्याकाळच्या होडीने ती मुलुंडला माहेरी गेली. चार दिवसांसाठी म्हणून गेली.

पावसाळा गेला. वाफ्यांत गुडघाभर गवत झालं, मी एकट्याने बेणलं. दिवाळीनंतर पाणी तोडलं. मोगऱ्याला महिनाभर ताण द्यावा लागतो, नाहीतर झाड नुसतं पाल्याला वाढतं. पौषात छाटणी केली. विमला असताना मी छाटायचो आणि ती मागून येऊन पाला ओरबाडायची. तिचा हात माझ्यापेक्षा चलाख. मी मागे राहिलो की कात्री हिसकावून घ्यायची, "सरका, तुमच्याने होत नसेल तर घरी जाऊन भात लावा."

निधी महिन्यातून एखादा रविवार यायची. बोरिवलीच्या धक्क्यावरून होडीत बसायची, फोन न करता. सुबोध घरात असला तर वाडीतच थांबायची. हातमोजे घालून पाला काढायची, माझ्यासाठी डबा आणायची. एकदा मी म्हणालो, "किती दिवस राहणार गं तिकडे?"

"बाबा, त्या विषयावर नको."

"आपला पोरगा वाईट नाही."

"वाईट नाही म्हणूनच," ती म्हणाली. "मारलं असतं, दारू प्यायला असता, तर मी भांडले असते. हा माणूस मेलेल्या आईच्या नावाने मला खूश झाली लिहितो. रात्री त्याच्याशेजारी झोपायचं म्हटलं की मला तेच दिसतं. उद्या मी मेले तर हा कोणाला काय लिहील?"

"त्याने जाळीसाठी केलं."

"जाळीसाठी!" ती म्हणाली. "तुम्हाला तरी पटतं का बाबा? तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही असं केलं असतं?"

मी पाला गोळा करायला वाकलो. तिने उत्तराची वाट बघितली नाही. उत्तर आपल्याला ठाऊक आहे असंच तिला वाटत होतं.

फाल्गुनात खत दिलं आणि विहिरीचं पाणी सोडलं. पंप सुरू केला की पाणी आमच्या पाटात येतं आणि भाऊराव कुंपणाशी येऊन उभा राहतो. या वर्षी त्याच्या अर्ध्या झाडांची टोकं जळाली आहेत. त्याने चार वाफे उपटून तिथे तगर लावली. तगरीला भाव नाही, पण ती जगते.

"सहदेवा," तो मला म्हणाला, "एक विचारतो. राग मानू नको. माहेरी राहिलेली सवाष्ण कोणत्या घरची?"

"आमच्या घरची."

"मास्तर म्हणतात, घरात नांदती हवी. मी नाही विचारलं, त्यांनीच काढला विषय."

"ती येईल."

"येऊ दे बाबा. मला आनंदच आहे." तो वाफ्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. "मुळाशी जरा जास्त साठतंय तुझ्याकडे. फुकट जातंय."

त्या संध्याकाळी सुबोध कामावरून आला. तो आता घरात फारसं बोलत नाही. जेवण स्वतः करतो, भांडी घासतो, झोपतो. वजन उतरलंय. मी त्याला भाऊरावाचं बोलणं सांगितलं.

"मग तिला सांगा ना बाबा," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय ते. फोन मी पाचला दहा कमी असताना केला होता, ते सांगा. फोटोचं माझं मी निस्तरेन. पण सहा तास मी एकट्याने दाबून ठेवलं नव्हतं, एवढं तरी तिला कळू दे."

"ती उंबऱ्यावर हात ठेवून बोलली आहे. कळलं तर गप्प बसेल का ती? मास्तरांकडे जाऊन सांगेल. स्वभाव ठाऊक आहे तुला तिचा."

"सांगेल."

"मग जाळी जाईल. पाणी जाईल. तीनशे झाडं आहेत."

"हो."

"या वर्षीची जाळी होऊ दे."

सुबोधने ताट उचललं. "मागच्या वर्षी पण जाळीच होती," तो म्हणाला आणि मोरीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी निधीला फोन केला. पौर्णिमेच्या आधी आठ दिवस घरात येऊन राहा म्हणालो, नाहीतर मान जाईल.

"येते," ती म्हणाली. "आईंसाठी आणि तुमच्यासाठी येते. तुम्ही तेवढे एकच माणूस आहात त्या घरात, जे माझ्याशी खोटं बोललं नाही. पण जाळी झाली की मी सोडचिठ्ठीचा कागद करणार आहे, बाबा. वकिलाशी बोलले आहे. सुबोधला तुम्ही सांगायचं की मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

काल ती आली. आतल्या खोलीत आहे. सुबोध ओट्यावर झोपतो. कळी या वर्षी चांगली धरली आहे, टपोरी आहे, अळी नाही. पौर्णिमेला आठ दिवस राहिलेत. सोपट कापून वाळत घातलं आहे. सुबोधला वकिलाचं सांगितलं, तो बरं म्हणाला. निधीला अजून काही सांगितलेलं नाही.